बाईंना विचारा : पाणी असेल तसा निचरा

गेल्या अंकात झुरळावर लिहिताना, त्याला आपल्यासारखी मूत्रपिंडं नसतात, असं एक वाक्य ओघात येऊन गेलं. त्या वाक्यानं बरीच पत्रं आणली. अर्ध्याअधिक पत्रांची सुरुवात "बाई, विषय जरा घाण आहे, पण..." अशी आहे. त्यातलं ते "पण" मला काढून टाकावंसं वाटतं. एखाद्या प्राण्याचं शरीर कसं चालतं हे समजून घ्यायचं, तर तो काय खातो याच्याइतकंच तो काय टाकतो हे बघावं लागतं. कोकणातल्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवताना नवा प्राणी टेबलावर आला, की मी आधी मुलांना विचारायचे, याला पाणी किती मिळतं? त्याचं उत्तर सापडलं की त्याच्या उत्सर्जनाचं अर्धं गणित सुटतं. आजच्या पत्रांतही तोच प्रश्न जागोजागी भेटेल.

आमच्या घरात पाली पुष्कळ. त्यांच्या लेंडीला एका बाजूला पांढरं टोक असतं, उंदराच्या लेंडीला ते नसतं. हा पांढरा भाग कशाचा? (एक गृहिणी, कोल्हापूर)

निरीक्षण नेमकं आहे. घरात पाल फिरते की उंदीर, हे ओळखायची हीच खूण. काळा भाग ही पालीची विष्ठा, त्यात न पचलेले किड्यांचे पंख नि पाय असतात. पांढरं टोक ही तिची लघवी. पालीला दोन्हींसाठी एकच दार असतं, त्याला अवस्कर म्हणतात, म्हणून दोन्ही एकत्र पडतं.

लघवी घट्ट कशी, हे समजायला थोडं मागे जाऊ. भात-भाकरीतले पिष्टमय पदार्थ आणि तेल-तूप शरीरात जळलं, की उरतो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. एक श्वासावाटे जातो, दुसरं उपयोगीच पडतं. प्रथिनांचं तसं नाही. त्यांत नायट्रोजन असतो आणि प्रथिनं मोडली की त्याचा अमोनिया होतो. हे विष आहे. ते थोडंही साठलं तर मेंदूला सोसत नाही. रोहू, कटला यांसारख्या माशांना ही अडचण जाणवतच नाही. कल्ल्यांतून अमोनिया सरळ भोवतीच्या पाण्यात विरून जातो. पण जमिनीवरच्या प्राण्यानं १ ग्रॅम नायट्रोजन अमोनियाच्या रूपात सुखरूप बाहेर टाकायचा म्हटलं, तर ढोबळमानानं अर्धा लिटर पाणी लागेल. तेवढं पाणी कुठून आणायचं?

म्हणून आपलं यकृत अमोनियाचा युरिया करतं. युरिया त्यामानानं सौम्य, तेवढ्याच नायट्रोजनाला ५० मिलिलिटर पाणी पुरतं. ही क्रिया यकृतात कोणत्या पायऱ्यांनी होते ते हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्झेलाइट यांनी १९३२ साली उलगडून दाखवलं. पाल, साप, पक्षी आणि बहुतेक कीटक आणखी पुढे गेले. ते युरिक आम्ल बनवतात. हे बनवायला शक्ती जास्त खर्च होते, पण ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्याचे बारीक कण खाली बसतात, उरलेलं पाणी शरीर परत शोषून घेतं आणि बाहेर पडतो तो पांढरा लगदा. १ ग्रॅम नायट्रोजनाला १० मिलिलिटरच्या आसपास पाणी लागतं. कबुतरांनी खिडकीत केलेली पांढरी घाण म्हणजेही मुख्यतः हेच.

पाण्याची बचत हे एक कारण झालं. मला त्याहून सुंदर वाटणारं कारण अंड्यात आहे. कोंबडीचं पिल्लू २१ दिवस बंद कवचात वाढतं. त्याच्या शरीरातही प्रथिनं मोडत असतात, आणि टाकायला जागा नाही. अमोनिया असता तर ते पहिल्या काही दिवसांतच मेलं असतं, युरियाही विरघळून अंगाभोवती साचत गेला असता. युरिक आम्ल मात्र घट्ट होऊन एका वेगळ्या पिशवीत पडून राहतं, पिल्लाला बाधत नाही. पिल्लू बाहेर पडल्यावर रिकामं कवच उचलून आत बघा. पातळ पापुद्र्याला पांढुरकं काहीतरी चिकटलेलं दिसेल. तो त्या तीन आठवड्यांचा कचरा.

बेडूक तर एकाच आयुष्यात दोन पद्धती वापरतो. डबक्यात भैकेर, म्हणजे शेपटीवालं पिल्लू, असताना तो मुख्यतः अमोनिया टाकतो. पाय फुटून जमिनीवर आला, की त्याचं यकृत युरिया बनवायला लागतं.

मोरी (लहान शार्क मासा) कितीही ताजी घेतली तरी तिला मुतारीसारखा वास मारतो. सुरमई-पापलेटला तो येत नाही. आमच्या सासूबाई मोरीला आगळ लावून ठेवायच्या. याचा काही संबंध आहे का? (एक वाचक, मालवण)

संबंध अगदी थेट आहे, आणि हे पत्र वाचून मला फार आनंद झाला. आमच्या वेळी प्रयोगशाळेत मोरीचंच विच्छेदन असायचं. स्कोलिओडॉन हे तिचं पुस्तकी नाव. तो वास त्या काळच्या प्रत्येक प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठाऊक आहे.

समुद्राच्या पाण्यात शेकडा साडेतीन भाग क्षार असतात. सुरमईच्या रक्तात त्याच्या साधारण एक तृतीयांश. त्यामुळे समुद्र तिच्या अंगातलं पाणी सतत ओढून घेतो. चहूकडे पाणी आणि सुरमई तहानलेली, अशी स्थिती. मग ती समुद्राचं पाणी पिते, त्यातलं जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर काढते आणि लघवी अगदी थोडी करते.

मोरी, मुशी, पाकट, वागळी या सगळ्या मासळीला हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असतो. यांनी निराळी वाट काढली. त्यांचं यकृत आपल्यासारखाच युरिया बनवतं, पण त्यांची मूत्रपिंडं आणि कल्ले तो सहसा बाहेर जाऊ देत नाहीत. आपल्या रक्तात १०० मिलिलिटरमागे साधारण १५ ते ४० मिलिग्रॅम युरिया असतो. मोरीच्या रक्तात तो २००० मिलिग्रॅमच्या घरात जातो. या साठवलेल्या युरियामुळे तिचं रक्त समुद्राइतकं, किंबहुना किंचित जास्तच दाट राहतं. समुद्राला तिच्याकडून पाणी ओढता येत नाही, उलट थोडं पाणी आपसूक आत येतं. तिला समुद्र प्यावा लागत नाही.

इतक्या युरियानं प्रथिनांची घडी विस्कटायला हवी. त्यावर उतारा म्हणून तिच्या अंगात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचा आणखी एक पदार्थ असतो, तो प्रथिनांना सांभाळून घेतो. मोरी जिवंत असेपर्यंत या दोन्हींना वास नाही. ती मेली की जीवाणू कामाला लागतात. युरियाचा अमोनिया होतो, दुसऱ्या पदार्थापासून माशाचा तो उग्र वास देणारं ट्रायमिथिलअमाइन तयार होतं. म्हणजे इतर मासळी नासायला लागल्यावर जसा वास मारते, त्याच्या कितीतरी आधी मोरी मारते. पकडल्याबरोबर रक्त काढून बर्फात घातलेली मोरी कमी वास मारते, ती याचसाठी.

आता आगळ. कोकमाचा आगळ चांगलाच आंबट, म्हणजे आम्ल. अमोनिया आणि ट्रायमिथिलअमाइन दोन्ही अल्कधर्मी. आम्लाशी गाठ पडली की त्यांचे क्षार होतात, आणि क्षार हवेत उडत नाहीत, म्हणून नाकापर्यंत पोचत नाहीत. सासूबाईंची रीत रसायनशास्त्राच्या कसोटीवर पूर्ण उतरते. आगळ लावून थोड्या वेळानं तुकडे धुऊन घेतले तर आणखी बरं.

एक गोष्ट सांगायची राहवत नाही. अमेझॉन नदीत पाकट माशांचे काही भाऊबंद कायमचे गोड्या पाण्यात राहायला गेले. तिथे अंगातलं पाणी ओढणारा समुद्र नाही. त्यांनी युरिया साठवायचं सोडूनच दिलं, आणि ते पुन्हा साध्या माशांसारखा अमोनिया टाकू लागले. आणि बाजारात पोटात पिल्लं असलेली मोरी दिसली तर ती घेऊ नका, ही माझी विनंती. स्कोलिओडॉन अंडी घालत नाही, आपल्यासारखी पिल्लं पोटात वाढवते, तीही मोजकीच.

वेळासला अंडी घालून परतणारं कासव रडताना दिसलं. कासवमित्र म्हणाले, ते मीठ आहे. खरं का? (एक वाचक, डोंबिवली)

खरं आहे. ऑलिव्ह रिडलेच्या डोळ्यांमागे क्षारग्रंथी असतात. सरीसृपांच्या मूत्रपिंडांना रक्तापेक्षा खारट लघवी करता येत नाही, त्यामुळे समुद्रातल्या अन्नाबरोबर पोटात जाणारं मीठ या ग्रंथी अश्रूंतून काढतात. हे अश्रू समुद्राच्या पाण्याच्या जवळपास दुप्पट खारट असतात. कासव पाण्यातही असंच रडत असतं, फक्त तिथे आपल्याला दिसत नाही. समुद्रपक्ष्यांत हेच काम नाकाजवळच्या ग्रंथी करतात. ते क्नूट श्मिट-नील्सन यांनी १९५७ च्या सुमारास पाणकावळ्यांवर प्रयोग करून दाखवलं. आणि कृपा करून वाळूवरच्या मादीच्या डोळ्यांवर टॉर्च मारू नका.

मी कढीपत्त्यावरची अळी बरणीत वाढवली. कोषातून फुलपाखरू बाहेर आलं तेव्हा खाली लालसर थेंब पडले. त्याला लागलं का? (एक विद्यार्थिनी, इयत्ता सहावी, नाशिक)

नाही गं, त्याला काही लागलेलं नाही. आणि ते रक्त तर नव्हेच. फुलपाखराचं रक्त लाल नसतं. त्याच्या रक्ताला प्राणवायू वाहून न्यायचा नसतो, ते काम बारीक हवेच्या नळ्या करतात. म्हणून त्यात आपल्यासारखं हिमोग्लोबिन नाही, ते फिकट पिवळसर किंवा हिरवट असतं.

तू पाहिलेस ते थेंब म्हणजे कोषातला साठलेला कचरा. कोषात असताना अळीचं जवळजवळ सगळं शरीर मोडून नव्यानं उभं राहतं. एवढी मोडतोड म्हणजे केवढा टाकाऊ माल! पण कोष बंद, बाहेर जायला दार नाही, आणि एक थेंब पाणीही बाहेरून मिळणार नाही. कीटकांच्या आतड्याला बारीक नळ्यांचा झुबका जोडलेला असतो. इटलीतल्या मार्चेल्लो माल्पिघी यांनी रेशीमकिडा उघडून त्या पाहिल्या आणि १६६९ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना माल्पिघी नलिका म्हणतात. गेल्या अंकातल्या झुरळाचंही मूत्रपिंडाचं काम याच करतात. या नळ्या रक्तातला टाकाऊ भाग गोळा करून आतड्याच्या शेवटच्या भागात नेऊन ठेवतात. फुलपाखरू बाहेर आलं, पंख पसरले, की ते हे सगळं एकदम टाकून देतं. त्यात युरिक आम्ल असतं आणि लाल-तपकिरी रंगद्रव्यं असतात.

या थेंबांनी एकदा एक अख्खं शहर घाबरवलं होतं. १६०८ च्या जुलैत फ्रान्समधल्या एक्स गावात भिंतींवर लाल डाग दिसले आणि रक्ताचा पाऊस पडला अशी बोंब उठली. पेरेस्क नावाच्या एका विद्वानानं आधीच एक मोठा कोष डबीत ठेवला होता. फुलपाखरू निघाल्यावर डबीत तसाच लाल डाग त्याला दिसला. मग तो गावातले डाग नीट बघत हिंडला. घरांच्या छपरांवर एकही डाग नव्हता. डाग होते ते आडोशाच्या जागी, जिथे कोष लटकतात तिथे. पाऊस काही छपरं वगळून पडत नाही! तूही तुझ्या बरणीतला डाग वहीत काढून ठेव, रंग आणि तारीख लिही.

सरकारी पशुवैद्यांनी वैरणीला युरियाची प्रक्रिया करायला सांगितली. जो युरिया जनावर मुतातून टाकतं, तोच त्याला खायला का घालायचा? (एक दूध उत्पादक, फलटण)

प्रश्न रोखठोक आहे आणि उत्तरही तसंच देते. कारण गाईच्या पोटात तिच्या एकटीचं पोट नाही. पहिल्या मोठ्या कप्प्यात, रुमेनमध्ये, असंख्य सूक्ष्मजीव राहतात. त्यांतले कित्येक युरिया फोडून अमोनिया करतात आणि त्या अमोनियातला नायट्रोजन घेऊन स्वतःच्या शरीराची प्रथिनं बनवतात. पुढे हेच सूक्ष्मजीव चौथ्या कप्प्यात आणि आतड्यात जातात आणि गाय त्यांना पचवते. तुम्ही घातलेला युरिया तिला प्रथिन होऊन मिळतो.

तुम्ही युरिया घातला नाही तरी गाय हे करतच असते. रुमेनमधला जादा अमोनिया यकृतात जाऊन युरिया होतो. त्यातला काही लघवीतून जातो, पण बराचसा लाळेतून आणि रुमेनच्या भिंतीतून परत रुमेनमध्ये येतो. उन्हाळ्यात नुसत्या कडब्यावर राहिलेली गाय लघवीतून फार कमी युरिया टाकते, बहुतेक सगळा फिरवून वापरते. उंटही हेच करतो. त्यामुळे लघवीतला युरिया तेवढा टाकाऊ असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. जनावराला त्या दिवशी काय खायला मिळालं, त्यावर ते ठरतं.

मात्र हे प्रमाणातच चालतं. भाताच्या पेंढ्याला साधारणपणे १०० किलोमागे ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडतात आणि ढीग झाकून तीन आठवडे ठेवतात. तुमच्या वैरणीचं प्रमाण पशुवैद्यांकडूनच घ्या. कोरडा युरिया पोत्यातून चाटायला मिळाला तर रुमेनमध्ये एकदम इतका अमोनिया होतो की यकृताला तो आवरत नाही, आणि जनावर तासाभरात दगावू शकतं. पोतं गोठ्यात ठेवू नका. सहा महिन्यांखालच्या वासरांना ही वैरण देऊ नका, त्यांच्या पोटात हे सूक्ष्मजीव अजून पुरेसे बसलेले नसतात.

झाडांना मूत्रपिंडं नाहीत, मग ती घाण कुठे टाकतात? (एक निवृत्त कर्मचारी, जळगाव)

झाडांकडे नायट्रोजनाचा कचरा फारसा होतच नाही. आपण डाळ-मांस खातो तेव्हा लागतो त्याहून जास्त नायट्रोजन पोटात घेतो. झाड आपली प्रथिनं स्वतः, लागतील तशी बनवतं. पान पिकायला लागलं की त्यातला नायट्रोजन आणि स्फुरद काढून फांदीत परत नेतं. गळालेल्या पानात मुख्यतः कॅल्शियम, सिलिका असं राहतं.

बाकी जे नको ते झाड बाहेर टाकण्याऐवजी बाजूला ठेवतं. जादा कॅल्शियमची ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांत गाठ बांधली जाते. अळू कच्चं राहिलं तर घशाला जी खाज सुटते ती या सुयांनी. सागाच्या बुंध्याचा मधला गडद भाग हाही अशा पदार्थांनी भरलेला मृत भाग आहे, आणि त्याच पदार्थांमुळे सागाला वाळवी सहज लागत नाही. झाडाची अडगळ आपल्या दाराची चौकट होते. खाडीकाठचं तिवर मात्र खरोखर बाहेर टाकतं. पानांवरच्या ग्रंथींतून मीठ काढतं, कोरड्या दिवशी पानावर ते पांढरं दिसतं आणि जिभेला खारट लागतं.

शरीरातली विषारी द्रव्यं काढायला सकाळी कोणता डिटॉक्स रस घ्यावा? घाम काढूनही ती जातात का? (एक वाचक, पुणे)

कोणताही रस घेऊ नका. तुमच्या दोन मूत्रपिंडांत मिळून सुमारे २० लाख गाळण्या आहेत आणि त्या दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला दीड लिटरच्या आसपास लघवी होऊन जातो, बाकी सगळा परत घेतला जातो. दिवाळीच्या आधी माळ्यावरचं सगळं सामान खाली काढायचं आणि हवं तेवढंच पुन्हा वर ठेवायचं, अशी ही रीत आहे. म्हणूनच नवीन, अनोळखी पदार्थही बाहेर पडतो. मूत्रपिंडाला तो ओळखावा लागत नाही. तुमच्या अंगातलं सगळं रक्तद्रव्य दिवसातून साठेक वेळा असं गाळलं जातं. यात कोणत्याही रसानं भर पडत नाही.

घामात युरिया असतो, पण किरकोळ. घाम अंग गार करण्यासाठी आहे. घाम काढायला जाऊन अंगातलं पाणी कमी केलंत, तर मूत्रपिंडांचं काम उलट अवघड होतं.

काही रस तर अपाय करतात. पालकासारख्या पाल्यांचे रस रोज भरपूर घेतले तर ऑक्झॅलेट मूत्रपिंडात साठून ती निकामी झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी कमरख अजिबात खाऊ नये. दुधीचा रस कडू लागला तर त्याच क्षणी थुंकून टाका. कडू दुधीतल्या कुकुर्बिटासिननं आपल्या देशात माणसं दगावली आहेत. औषध म्हणून नाक दाबून तो पिणाऱ्यांना सर्वाधिक धोका असतो. मूत्रपिंडांसाठी करायचं असेल तर रक्तदाब आणि साखर तपासून घ्या, कारण मूत्रपिंडं खराब होण्याची ही दोन सर्वांत मोठी कारणं. आणि अंगदुखीच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने घेत असाल तर आजच त्यांना जाऊन विचारा.